बंद झालेल्या डिटॉक्स सप्लिमेंटला पर्याय शोधताना: कायदा, लेबल आणि मात्रेचं गणित

नेहमीची डिटॉक्स कॅप्सूल किंवा चहा अचानक मिळेनासा झाला की बहुतेक जण दुकानदाराला किंवा शोधपट्टीला एकच प्रश्न विचारतात: 'यासारखं दुसरं काय आहे?' पण 'यासारखं' म्हणजे नेमकं कशासारखं? भारतात 'डिटॉक्स' नावाचा कुठलाही प्रवर्ग ना अन्न कायद्यात आहे, ना औषध कायद्यात. त्यामुळे एकाच फळीवर सोनामुखीचा रेचक चहा, यकृतासाठी घेतल्या जाणाऱ्या मिल्क थिसल या वनस्पतीची कॅप्सूल, इसबगोलाची पुडी आणि अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल एकाच नावाने मांडलेले असतात. या चौघांचं काम वेगळं, धोके वेगळे आणि कायदाही वेगळा असू शकतो. नावावरून पर्याय निवडलात, तर फसगत ठरलेली. पर्याय शोधायचा तो घटकाचा, मात्रेचा आणि कामाचा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. निरोगी माणसाच्या शरीरातली नको असलेली द्रव्यं यकृत आणि मूत्रपिंडं काढत असतात, आणि त्यासाठी बाटली लागत नाही. शरीरातून 'विषद्रव्यं' काढल्याचा दावा करणारं लेबल ते द्रव्य कोणतं आणि किती निघालं, हे कधीच सांगत नाही. खरी विषबाधा, म्हणजे पॅरासिटामॉलचा अतिडोस किंवा शिसं चढणं, हे रुग्णालयाचं काम आहे. म्हणून बंद झालेल्या उत्पादनाला 'काहीच नको' हाही पर्याय असतो आणि पुष्कळदा तोच बरोबर ठरतो. तरीही बद्धकोष्ठता, आहारातला तंतूंचा (फायबरचा) अभाव किंवा डॉक्टर-वैद्यांनी सुचवलेला एखादा घटक अशा ठोस कारणाने तुम्ही ते घेत असाल, तर पुढचं वाचा.

बाटली कोणत्या कायद्याची आहे?

जुनी रिकामी बाटली किंवा खोका हाताशी असेल तर टाकू नका. त्यावरचा परवाना क्रमांक पाहा.

एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी क्रमांक असेल, तर ते उत्पादन अन्न आहे. त्याला २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा लागू होतो, आणि सप्लिमेंट व न्यूट्रास्युटिकलसाठीचे २०१६ चे नियम, जे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. अशा लेबलवर 'हेल्थ सप्लिमेंट' किंवा 'न्यूट्रास्युटिकल' हे शब्द, 'औषधी वापरासाठी नाही' अशी सूचना, घटकांची मात्रा आणि शिफारस केलेल्या मात्रेपेक्षा जास्त न घेण्याचा इशारा असावा लागतो. क्रमांक नीट वाचला तर बरंच कळतं. पहिला अंक १ म्हणजे परवाना, २ म्हणजे लहान व्यवसायाची नुसती नोंदणी. पुढचे दोन अंक ठिकाणाचे: ०० असेल तर केंद्रीय परवाना, १५ असेल तर महाराष्ट्र. त्यानंतरचे दोन अंक वर्षाचे. एखाद्या 'यकृतशुद्धी' कॅप्सूलवर २ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर ती बाटली तिथेच ठेवून द्या. घरगुती लोणच्याला चालणारी नोंदणी सप्लिमेंटच्या कारखान्याला चालत नाही.

एफएसएसएआय क्रमांक नसून 'उत्पादन परवाना क्रमांक' आणि 'आयुर्वेदिक औषध' असं लिहिलेलं असेल, तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू. इथे दोन पोटजाती आहेत आणि पर्याय शोधताना हा फरक फार कामाला येतो. शास्त्रोक्त औषध, उदाहरणार्थ त्रिफळा चूर्ण, मान्यताप्राप्त ग्रंथातल्या पाठाप्रमाणे, म्हणजे कृतीप्रमाणे, बनतं आणि लेबलवर ग्रंथाचा आधार दिलेला असतो. एका कंपनीने ते बंद केलं तरी तोच पाठ, तोच ग्रंथाधार असलेलं दुसऱ्या परवानाधारक कंपनीचं औषध हा सरळ पर्याय. प्रोप्रायटरी औषध मात्र कंपनीचं स्वतःचं मिश्रण असतं. तिथे घटकागणिक जुळवाजुळव करावी लागते. सुदैवाने आयुर्वेदिक औषधांच्या लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि मात्रा देणं बंधनकारक आहे. २०२२ पासून 'आयुर्वेद आहार' हाही एक प्रवर्ग आला आहे. तो अन्नातच मोडतो आणि त्याचं वेगळं बोधचिन्ह असतं.

तिसरा प्रकार आधुनिक औषधाचा; त्यावरही उत्पादन परवाना क्रमांक असतो. एफएसएसएआय आणि उत्पादन परवाना यांपैकी कुठलाच क्रमांक नसेल, तर त्या वस्तूला पर्याय शोधायचा नाही. ती बंद झाली हे चांगलंच झालं.

इथे एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. एफएसएसएआयचं चिन्ह म्हणजे 'सरकारने हे उत्पादन तपासून मंजूर केलं' असा अर्थ नाही. परवाना जागेला आणि उत्पादनाच्या प्रकाराला मिळतो. घटक नियमांच्या अनुसूचीत आणि दिलेल्या मर्यादेत असतील, तर प्रत्येक बाटलीला आगाऊ मंजुरी लागत नाही. अमेरिकेतही १९९४ च्या सप्लिमेंट कायद्यानुसार विक्रीआधी मंजुरी लागत नाही, त्यामुळे 'इम्पोर्टेड आहे' याने भरवसा वाढत नाही.

ते बंद का झालं?

हे न शोधता पर्याय घेणं धोक्याचं, कारण ज्या घटकामुळे माल उचलला गेला तोच घटक पर्यायातही असू शकतो. कारणं ढोबळमानाने चार.

कंपनीने धंदा आवरला किंवा ब्रँड विकला, हे सगळ्यांत निरुपद्रवी कारण. अशा वेळी 'मार्केटेड बाय' सोडून 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' हा पत्ता वाचा. बद्दी, हरिद्वार, अहमदाबाद अशा ठिकाणचे कारखाने एकेका छताखाली अनेक ब्रँडचा माल काढतात. त्या कारखान्याचं नाव घालून शोधलं तर जवळपास तेच मिश्रण दुसऱ्या नावाने विकायला असलेलं सापडण्याची बरीच शक्यता असते. अनुभवी केमिस्ट हीच युक्ती वापरतात.

दुसरं कारण कच्च्या मालाचं. यकृताच्या आयुर्वेदिक औषधांत लागणारी कुटकी हिमालयातून येते, आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या संकटग्रस्त वन्यजातींच्या व्यापाराविषयीच्या कराराचं नियंत्रण आहे. पुरवठा आटला की कंपनी एकतर उत्पादन थांबवते किंवा गुपचूप पाठ बदलते. दुसरा प्रकार जास्त त्रासाचा: नाव तेच, खोका तोच, आतली मात्रा निम्मी.

तिसरं कारण कायद्याच्या व्याख्येचं. एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन, म्हणजे एनएसी, याचं उदाहरण परदेशातल्या मराठी मंडळींना आठवत असेल. अमेरिकेत हे १९६३ पासून मंजूर औषध. जुलै २०२० मध्ये तिथल्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने काही कंपन्यांना पत्रं पाठवली की जे आधी औषध म्हणून मंजूर झालं ते सप्लिमेंट म्हणून विकता येत नाही. २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनने एनएसीची सप्लिमेंट काढून टाकली. ऑगस्ट २०२२ मध्ये एफडीएने ठरावीक अटींवर कारवाई न करण्याचं धोरण जाहीर केलं आणि माल परत दिसू लागला. या सगळ्या काळात द्रव्य तेच होतं, घोळ फक्त व्याख्येचा होता. आपल्याकडे ६०० मिलिग्रॅमची विरघळणारी एनएसी गोळी केमिस्टकडे औषध म्हणून मिळते, मुख्यतः कफ पातळ करण्यासाठी. ती सप्लिमेंटची बदली म्हणून मनाने सुरू करू नका, विशेषतः दमा असेल तर.

चौथं कारण भेसळ किंवा अपाय. 'वजन उतरवणारे' डिटॉक्स चहा आणि कॅप्सूल यांत सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध लपवलेलं सापडल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. हृदयाच्या धोक्यामुळे हे औषध भारतात २०११ पासून बंद आहे. पूर्वीचं उत्पादन 'जादूसारखं' काम करत होतं, भूक मरत होती, छाती धडधडत होती, झोप उडाली होती, असं असेल, तर तुम्हाला हवा असलेला परिणाम वनस्पतीचा नव्हताच. तसा पर्याय शोधू नये.

कारण कळण्यासाठी एफएसएसएआयच्या फॉस्कॉस संकेतस्थळावर परवाना क्रमांक टाकून तो चालू आहे की संपला हे पाहा. मग कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर बॅच नंबर सांगून थेट विचारा: उत्पादन थांबवलं की माल परत मागवला? उत्तर ईमेलवर मागा. फोनवर 'लवकरच येतंय' एवढंच ऐकायला मिळतं.

जुनं लेबल मिळवा

खोका फेकला असेल तर ऑनलाइन ऑर्डरच्या इतिहासात उत्पादनाचे फोटो बहुधा शिल्लक असतात. अमेरिकी उत्पादनासाठी तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा सप्लिमेंट लेबलांचा विनामूल्य डेटाबेस आहे, आणि त्यात बाजारातून गेलेल्या उत्पादनांची लेबलंही जपलेली असतात. कॅनडाच्या बाटलीवर एनपीएन हा आठ अंकी उत्पादन क्रमांक असतो, ऑस्ट्रेलियाच्या बाटलीवर 'ऑस्ट एल' क्रमांक. दोन्ही त्या-त्या सरकारच्या संकेतस्थळावर शोधता येतात.

लेबलवरून पाच गोष्टी कागदावर उतरवून घ्या: घटकाचं शास्त्रीय नाव, वनस्पतीचा भाग, ती पूड आहे की अर्क, अर्काचं प्रमाणीकरण (म्हणजे त्यातलं कार्यकारी द्रव्य) किती टक्के, आणि एका मात्रेत किती कॅप्सूल. शेवटची गोष्ट सगळ्यांत जास्त विसरली जाते. कोष्टकातले आकडे कधी एका कॅप्सूलचे असतात, कधी तीन कॅप्सूलच्या 'सर्व्हिंग'चे.

मात्रेचं गणित

समजा जुन्या कॅप्सूलमध्ये मिल्क थिसलचा अर्क १७५ मिग्रॅ (८० टक्के सिलिमारिन), हळदीचा अर्क २०० मिग्रॅ (९५ टक्के कर्क्युमिनॉइड) आणि ग्रीन टी अर्क ३०० मिग्रॅ (४५ टक्के ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीतलं कार्यकारी द्रव्य) होता, आणि रोज दोन घ्यायच्या होत्या. मग दिवसाचं खरं माप असं: सिलिमारिन २८० मिग्रॅ, कर्क्युमिनॉइड ३८० मिग्रॅ, ईजीसीजी २७० मिग्रॅ. तुलना या आकड्यांशी करायची, १७५-२००-३०० शी नाही.

आता दुकानात 'मिल्क थिसल १००० मिग्रॅ' अशी बाटली दिसते. आकडा पाचपटीहून मोठा, पण टक्केवारी लिहिलेली नाही. ती नुसती बियांची पूड असू शकते, किंवा '१००० मिग्रॅ बियांइतका अर्क' असा हिशेब असू शकतो. टक्केवारी नसेल तर तो पर्याय बाद. १०:१ अर्काचंही (दहा भाग वनस्पतीपासून एक भाग अर्क) तसंच. ५०० मिग्रॅ अर्क म्हणजे कागदोपत्री ५ ग्रॅम वनस्पती, पण त्यातलं कार्यकारी द्रव्य किती हे त्यावरून कळत नाही. घरच्या हळदीने हा अर्क भरून काढता येईल का? हळदपुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे ३ ग्रॅमच्या चमच्यात सुमारे ९० मिग्रॅ. स्वयंपाकाला उत्तम, ३८० ची जागा घ्यायला अपुरं, आणि बहुतेकांना त्या ३८० ची गरजही नसते.

ग्रीन टीच्या अर्कावर थांबायलाच हवं. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिग्रॅ किंवा जास्त ईजीसीजी घेतल्यास यकृताची एन्झाइम वाढलेली दिसतात. त्यानंतर युरोपीय संघाने २०२२ मध्ये दिवसाची मात्रा ८०० च्या खाली ठेवण्याचा नियम केला. गोंधळ होतो तो बेरजेत. नव्या डिटॉक्स कॅप्सूलमध्ये ४०० मिग्रॅ अर्क ५० टक्क्यांचा, रोज तीन, म्हणजे ६०० मिग्रॅ. सोबत जिममधला 'फॅट बर्नर', त्यातही २०० ते ३००. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या पाहिल्या तर ठीक, एकत्र घेतल्या की रेषेपलीकडे, आणि तेही रिकाम्या पोटी. पेल्यातला साधा ग्रीन टी ही वेगळी बाब आहे.

अमेरिकी बाटलीवर 'प्रोप्रायटरी ब्लेंड ९०० मिग्रॅ' असं लिहून खाली सहा नावं नुसती दिलेली असतात. तिथे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणून पहिला घटक किमान १५० मिग्रॅ आणि शेवटचा जास्तीत जास्त १५० मिग्रॅ, एवढंच खात्रीने म्हणता येतं. असं मिश्रण तंतोतंत जुळवण्याचा नाद सोडून पहिल्या दोन घटकांचा विचार करा.

क्षारांमध्ये आणखी एक सापळा आहे. आतडी साफ करण्याच्या 'कोलन क्लेन्झ'मध्ये बरेचदा मॅग्नेशियम असतं. ५०० मिग्रॅ मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये मूळ मॅग्नेशियम सुमारे ३०० मिग्रॅ, तर तेवढ्याच सायट्रेटमध्ये साधारण ८०. मूत्रपिंडाचा आजार असेल तर दोन्हीही न विचारता घेऊ नयेत.

कामावरून पर्याय

घटक जुळत नसेल तर काम जुळवा. पोट साफ होण्यासाठी डिटॉक्स चहा घेत असाल, तर घटकांत 'सेना', 'कॅसिया अँगुस्टिफोलिया' किंवा 'सोनामुखी' शोधा. तेच रेचक असतं. सोनामुखी आठवडाभराहून जास्त स्वतःच्या मनाने घ्यायची नसते. जुलाबातून पाणी आणि पोटॅशियम जातं आणि त्यालाच वजन उतरणं समजलं जातं. रोजच्या बद्धकोष्ठतेला सौम्य पर्याय इसबगोलाचा: ५ ग्रॅम भुसा मोठ्या पेलाभर, म्हणजे सुमारे २४० मिली पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, वर आणखी पाणी. कमी पाण्यात घेतला तर तो घशात किंवा आतड्यात फुगून अडकतो. इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांना तो देऊ नये. त्रिफळा चूर्ण चालत असेल तर हिरडा, बेहडा, आवळा समभाग असलेलं, आणि उत्पादनाची तारीख ताजी पाहून घ्या, कारण चूर्णाची मुदत दोन वर्षांची असते.

चारकोलच्या कॅप्सूलला पर्याय शोधूच नका. तो पोटातली औषधंही पकडून ठेवतो, गर्भनिरोधक गोळी आणि थायरॉइडची गोळीसुद्धा. पिण्याच्या बेंटोनाइट मातीचंही तेच. तिच्यात शिसं सापडल्यामुळे अमेरिकी एफडीएने २०१६ मध्ये एका उत्पादनाविरुद्ध इशारा दिला होता.

यकृतासाठीचं हर्बल उत्पादन बंद झालं की आरोग्यवर्धिनीकडे वळणारे बरेच दिसतात, कारण तिच्यात कुटकी भरपूर असते. पण तिच्यात पारा, गंधक, ताम्रभस्मही असतं. ते वैद्यांच्या देखरेखीचं औषध आहे, सप्लिमेंटची बदली नव्हे. गुळवेलीबद्दलही सावध राहा. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान मुंबईतल्या सहा रुग्णांत गुळवेलीशी संबंधित यकृतदाह नोंदवला गेला. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की दिसायला सारखी दुसरी जात वापरली गेली असू शकते. वाद कसाही मिटो, घेणाऱ्यासाठी अर्थ एवढाच: लेबलवर 'टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया' हे पूर्ण नाव हवं, आणि स्वयंप्रतिकार (ऑटोइम्यून) आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

नवी बाटली घेण्याआधी

कंपनीला बॅचचा तपासणी अहवाल मागा. तो तुमच्याच बॅचचा असावा, प्रयोगशाळेचं नाव, तारीख आणि एनएबीएल (प्रयोगशाळांची राष्ट्रीय) मान्यता त्यावर असावी, आणि जड धातूंपुढे नुसतं 'पास' नसून आकडा असावा. आकडा का, ते पाहा. आयुर्वेदिक वनौषधींत शिशाची मर्यादा १० पीपीएम, आर्सेनिकची ३, पाऱ्याची १ आणि कॅडमियमची ०.३. दहा पीपीएम म्हणजे एका ग्रॅममध्ये १० मायक्रोग्रॅम. रोज ६ ग्रॅम चूर्ण घेणाऱ्याच्या पोटात मर्यादेतलं असूनही ६० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं जाऊ शकतं. अमेरिकी एफडीए प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांसाठी आहारातून दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅम ही संदर्भपातळी धरते. म्हणजे रोजच्या ५०० मिग्रॅच्या एकाच कॅप्सूलला एक वेळ 'पास' पुरेल, पण चमचाभर चूर्णाला अहवालातला प्रत्यक्ष आकडा १ च्या आसपास किंवा खाली हवा.

बंद झालेल्या ब्रँडचा 'शेवटचा साठा' दुप्पट किमतीत विकणारे अनोळखी विक्रेते टाळा. मुदतीच्या तारखेवर चिकटवलेला स्टिकर, पुसट बॅच नंबर, झाकणाखालचं सील सैल, यातलं एक जरी दिसलं तरी परत करा. परदेशातून नातेवाइकांकरवी मागवलेल्या बाटलीवर भारतीय आयातदाराचं नाव नसतं. काही बिघडलं तर इथे तक्रारीला धनी सापडत नाही.

सुरू करताना एका वेळी एकच नवी वस्तू, सुरुवातीला निम्मी मात्रा, आणि दोन आठवडे दुसरं काही नवं नाही. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी थांबवा आणि बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा. गरोदर आणि स्तनदा स्त्रिया, रक्त पातळ करणारी औषधं घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले आणि यकृत-मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी सुरुवातही विचारूनच करावी.

तक्रार कुठे करायची

सप्लिमेंट अन्न असेल तर 'फूड सेफ्टी कनेक्ट' हे अ‍ॅप किंवा १८००-११-२१००. ग्राहक म्हणून पैशांचा वाद असेल तर १९१५. महाराष्ट्रात अन्न आणि आयुर्वेदिक औषध या दोन्हींसाठी अन्न व औषध प्रशासनाचं जिल्हा कार्यालय. औषधाचा दुष्परिणाम नोंदवायचा असेल तर १८००-१८०-३०२४. बिल, बॅच नंबर आणि खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो जोडा.

जाहिरातीविरुद्धही तक्रार होते. अन्नाच्या फसव्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मधुमेह, लठ्ठपणा, मुतखडा बरा करतो अशी औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने मुळातच मना आहे. त्यामुळे 'किडनी डिटॉक्सने खडा विरघळतो' असं पोस्टर दिसलं तर फोटो काढून तारीख-वेळेसह पाठवा.

फारशी कुणाला माहीत नसलेली आणखी एक तरतूद आहे. अन्न कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. अट एकच: खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं, म्हणून ते बिलावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी ठेवा. अहवालात माल नियमबाह्य ठरला तर भरलेलं शुल्क परत मिळतं. झाकण उघडलेली बाटली मात्र नमुना म्हणून देऊ नका. दोन घ्या आणि एक सीलबंद ठेवा.